सादळणारं नाक

म्हापशाच्या बाजारात मावशी बांगडा उचलते, कल्ला उघडून नाकाशी नेते आणि "कालचो!" म्हणत परत टोपलीत टाकते. मासा मेला की जिवाणू त्याच्या अंगातल्या एका वासहीन पदार्थाचं ट्रायमिथिलअमाइन करतात, पुढे अमोनियाही सुटतो. मावशीला कळते ती हीच वाफ.

हे काम यंत्राला सांगायचं तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड उपयोगी पडतं. नाव अवजड, पण गॅरेजातल्या काळ्या 'मॉली' ग्रीसमध्ये असतं ते हेच. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. एका पापुद्र्यात अणूंचे तीन थर, मधे मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक. जाडी जेमतेम ०.६५ नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे लाखभर मावतील. ते सोडवायला साधी चिकटपट्टीही चालते. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी ग्राफाइटवर तीच युक्ती केली होती. २०१० चं नोबेल त्यांना त्या कामासाठीच मिळालं.

खड्याच्या पोटातल्या अणूंना बाहेरच्या हवेची खबर नसते. या पापुद्र्याला पोटच नाही, सगळी कातडीच. अमोनियाचा रेणू येऊन चिकटला की थोडा इलेक्ट्रॉनभार देतो आणि वीज सहज वाहते. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उलट तो ओढून घेतो, विजेला होणारा रोध वाढतो. दोन टोकांना तारा जोडून हा रोध मोजला की झाला सेन्सर. धातूंच्या ऑक्साइडचे जुने सेन्सर दोनतीनशे अंशांवर तापवावे लागतात. हा खोलीच्या तापमानालाही चालतो, म्हणून छोटी बॅटरी पुरते.

पण ज्याला सगळंच चिकटतं, त्याला पाणीही चिकटतं. जुलैत आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, पापड सादळतात, पापुद्राही सादळतो. अशा हवेत दहा लाख रेणूंमागे पाण्याचेच तीस हजारांच्या वर असतात, आणि शोधायचे असतात अमोनियाचे दोनचार रेणू. त्यामुळे या विषयावरचा शोधनिबंध हाती आला की मी आधी चाचणीच्या वेळची आर्द्रता बघतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये मिळालेले आकडे गोव्यात फारसे कामाचे नाहीत.

उपाय आहेत. पापुद्रा किंचित गरम करायचा, किंवा अतिनील प्रकाश टाकून चिकटलेले रेणू झटकायचे, किंवा पाणी दूर ठेवणारा लेप द्यायचा. मला पटतो तो वेगळाच: निरनिराळ्या पदार्थांचे चारपाच पापुद्रे शेजारी ठेवायचे आणि सगळ्यांचं मिळून काय म्हणणं पडतं ते पाहायचं. मावशीही नुसत्या नाकावर जात नाही. ती माशाचा डोळा बघते, पोट बोटाने दाबते आणि मगच भाव करायला तोंड उघडते.