हजार तास कुठले धरायचे? ऑक्युपेशनल थेरपीच्या इंटर्नशिपची पार्श्वभूमी

ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे आजार किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामं जमावीत यासाठीच्या उपचाराचं, शिक्षण देशात 1950 मध्ये सुरू झालं, परळच्या एका महापालिका रुग्णालयात. पुण्यात त्याआधीच, 1944 पासून, हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयवांचं केंद्र होतं. 1952 मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा भारत संस्थापक सदस्य होता. विद्यार्थ्याने देखरेखीखाली किमान 1000 तास प्रत्यक्ष काम करावं, हा निकष याच संघटनेचा. सगळी ओढाताण आजही त्याच आकड्यावरून चालते.

चार वर्षं अभ्यास आणि मग सहा महिने इंटर्नशिप, ही चौकट राज्यात रुळली. 26 आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज साडेसहा तास धरले तर 1014 तास होतात. सुट्ट्यांची तूट तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोस्टिंगमधून भरून निघते. कागद पूर्ण. पण हे तास रुग्णाचं मूल्यमापन आणि उपचार करण्याचे असावेत अशी अपेक्षा आहे. लॉगबुकात मात्र बाकावर बसून पाहिलेली ओपीडीही त्याच रकान्यात जाते.

दुसरी अडचण विभागबदलाची. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात कामाला लागायला कित्येक महिने जातात. इंटर्नची पाळी बहुधा चार-सहा आठवड्यांत संपते. त्यामुळे उद्दिष्ट ठरवणं, ते न जमल्यास बदलणं, डिस्चार्जआधी घर पाहून येणं हे त्याच्या हातून क्वचितच होतं. दुसऱ्या मजल्यावरची वाड्यातली खोली, अरुंद जिना, भारतीय पद्धतीचा संडास या गोष्टी वॉर्डात बसून कळत नाहीत.

याउलट स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बनवणं इंटर्नला छान येतं, कारण ते एका बैठकीत संपतं. थर्मोप्लास्टिकची 3.2 मिमी जाडीची शीट साधारण 65 ते 75 अंश पाण्यात मऊ करायची, काही मिनिटांत हातावर बसवायची, लांबी अग्रबाहूच्या दोन-तृतीयांश ठेवायची. चुकतं ते ठरावीक ठिकाणी: मनगटाच्या स्प्लिंटची कड तळहाताच्या आडव्या रेषेपुढे गेली की बोटं मुळातून वाकत नाहीत, आणि करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडावर जागा न सोडल्यास कातडी लाल होते. म्हणून स्प्लिंट घालून अर्धा तास बसवायचं, मग काढून पाहायचं. लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट दुरुस्त केल्याशिवाय घरी द्यायचं नाही.

राज्यात 2002 च्या अधिनियमानंतर नोंदणी आली आणि इंटर्नशिपचा दाखला नोंदणीची पायरी ठरला. तिथून तास भरण्याला धार आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. कोथरूड, बाणेर, पिंपरी-चिंचवडकडे नव्या पदवीधरांना काम मिळतं ते बहुतांशी बालविकास केंद्रांत, पाऊण तासाच्या सत्रांवर आणि सत्रागणिक पैशांवर. तिथे लागतं ते वेगळंच: पालकांना तीन महिन्यांत काय होईल आणि काय होणार नाही हे सांगणं, शाळेसाठी एका पानाचा अहवाल, सत्र संपताच पाच मिनिटांत नोंद. रुग्णालयातल्या सहा महिन्यांत यातलं फारसं काही येत नाही.

2021 च्या केंद्रीय कायद्याने पदवीसाठी किमान 3600 तासांची अट घातली. म्हणजे पुन्हा तासच. तासांऐवजी रुग्ण मोजावेत, मूल्यमापनापासून डिस्चार्जपर्यंत पूर्ण नेलेल्या निदान दहा केसेस मागाव्यात, हे मत जुनं आणि आमच्या मते अधिक सरळ आहे. आक्षेपही पोकळ नाही: केसची खातरजमा करायला वरिष्ठ थेरपिस्ट सोबत लागतो, आणि खासगी केंद्रात त्याचा प्रत्येक पाऊण तास कुणाच्या तरी फीमधून जातो. हजेरीवर सही करायला तेवढा वेळ लागत नाही.