सशाचा ताप आणि पंधरा वर्षे

टोचायच्या औषधात जिवाणूंचे सूक्ष्म अंश राहिले, तर माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. ते तपासायची जुनी रीत अशी: सशाला हलता येणार नाही असे जखडायचे, कानाच्या शिरेतून औषध टोचायचे आणि गुदद्वारात तापमापक ठेवून तीन तास नोंदी घ्यायच्या. ताप चढला, तर ती खेप बाद.

हेच काम माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी करू शकतात. त्यांच्यात औषध मिसळायचे आणि ताप आणणारी द्रव्ये त्या सोडतात का, ते मोजायचे. ताप माणसाला येणार, तर कौलही माणसाच्याच पेशींनी द्यावा, हे मला जास्त पटते. औषधांच्या दर्जाचे आणि चाचण्यांचे नियम सांगणाऱ्या युरोपीय औषधसंहितेत ही चाचणी २०१० मध्ये आली. सशाची चाचणी वगळलेले नियम मात्र जून २०२४ मध्ये मंजूर झाले आणि जुलै २०२५ पासून लागू झाले. पर्याय हाताशी असूनही मधली पंधरा वर्षे सशाची चाचणी नियमांत टिकून राहिली.

हे असे का होते? नव्या पद्धतीचा अहवाल एखाद्या देशाने नाकारला, तर औषधच अडकते. मग कंपनी जुनी वाट सोडत नाही. आणि जुन्या नियमांमागे खरे दुःखही असते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाच्या एका विषारी पातळ मिश्रणाने शंभरावर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंधनकारक ठरल्या.

पण प्राणी निर्वाळा देतात, तो दर वेळी खरा ठरत नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना दिले. प्राण्यांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शानेही ते सहाही जण अत्यवस्थ झाले.

प्राण्यांवरच्या चाचण्यांची ती सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये उठवली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नियम बदलून पेशींवरच्या, चिपवरच्या अवयवांच्या (छोट्या चिपवर पेशी वाढवून अवयवाची नक्कल करणाऱ्या) आणि संगणकीय चाचण्यांना वाट दिली. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत, पण त्यांनी मुभा दिली, मुदत घातली नाही.

सगळे एका झटक्यात बंद करा, असे मी म्हणणार नाही. गर्भावरचा किंवा वर्षानुवर्षे साचत जाणारा परिणाम पेशींच्या एका थराला अजून पुरता सांगता येत नाही. म्हणूनच धोरणात एकेका चाचणीचे नाव हवे, पर्याय पारखणाऱ्या प्रयोगशाळांसाठी पैसा हवा, आणि पर्याय सिद्ध झाला की जुनी चाचणी कधी थांबणार, ती तारीख हवी.