पायचीत नसलेल्या मळ्यातला पायचीतचा वाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातकापणी आटोपली की मळ्यांत पिचं ठोकली जातात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत टेनिस बॉलचे सामने चालतात. या सामन्यांत बहुतेक ठिकाणी पायचीत (स्टंपवर जाणारा चेंडू पायाने अडला म्हणून बाद) नसतंच. पंच गावातलाच असतो, उगाच त्याच्या माथी ते कोण मारणार? तरी टीव्हीवर भारताचा सामना लागला की सगळ्यात मोठी हमरीतुमरी पायचीतवरूनच होते, त्यातही ‘अंपायर्स कॉल’वरून, म्हणजे चेंडू स्टंपला जेमतेम घासत असेल तर मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम ठेवण्यावरून. तेव्हा पडद्यावर लालऐवजी केशरी दिसतं. “लाल इलो तर आऊट, मगे ह्यो केशरी खंयसून इलो?” असं कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याला क्रिकेट कळत नाही असं नाही. त्याला हा नियम नीट कोणी सांगितलेलाच नाही.

रेडिओवरच्या मराठी धावत्या वर्णनाच्या काळात हा प्रश्नच नव्हता. निवेदक सांगेल ते खरं. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिसरा पंच आला. त्याच्या रिप्लेवर पहिला धावबाद झालेला फलंदाज आपला, मुंबईकर. चेंडूची वाट दाखवणारं तंत्र २००१ मध्ये इंग्लंडमधल्या एका वाहिनीने आणलं, तेही प्रेक्षकांना दाखवण्यापुरतं. निकाल देण्यासाठी ते बनलंच नव्हतं, हे आज कोणाच्या लक्षात नाही.

२००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यावर रिव्ह्यूची, म्हणजे पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायच्या पद्धतीची, पहिली चाचणी झाली. त्या मालिकेत यजमानांचे अकरा रिव्ह्यू यशस्वी ठरले आणि आपला एक. आपल्या क्रिकेट मंडळाची नाराजी तिथून सुरू झाली. बाकीच्या देशांनी २००९ च्या अखेरीपासून पद्धत स्वीकारली, आपण मात्र अडून बसलो. आपले चाहतेही तेव्हा मंडळाच्याच बाजूचे होते. आज त्यातले किती जण ते कबूल करतील, शंका आहे.

खरी गाठ पडली २७ फेब्रुवारी २०११ ला, बंगळुरूत. विश्वचषकाचा सामना, आपल्या ३३८ धावा, इंग्लंडचा पाठलाग. आपल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू इंग्लंडच्या मधल्या फळीतल्या फलंदाजाच्या पॅडवर आदळला. पंचांनी नाबाद दिलं, आपण रिव्ह्यू घेतला. मोठ्या पडद्यावर चेंडू स्टंपवर जाताना दिसला आणि फलंदाज तंबूकडे चालायलाही लागला. एवढ्यात निकाल आला, नाबाद. कारण पॅडला चेंडू लागला ती जागा स्टंपपासून अडीच मीटरपेक्षा लांब होती. एवढ्या अंतरावरून पुढची वाट सांगताना यंत्राची खात्री कमी होते, म्हणून पंचाचा मूळ निर्णय कायम ठेवायचा, असा तो नियम. १७ वरचा तो फलंदाज ६९ पर्यंत गेला आणि सामना बरोबरीत सुटला. आपल्या कर्णधाराने सामन्यानंतर याला तंत्र आणि माणसाची भेसळ म्हटलं. ते वाक्य आपल्याकडे इतकं पटलं की नियमामागचं कारण कोणी ऐकूनच घेतलं नाही. कारण साधं होतं: पॅडनंतरची वाट यंत्राने पाहिलेली नसते, ती त्याने काढलेला अंदाज असतो. स्पर्धा चालू असतानाच पंचांना दिलेल्या सूचना सुधाराव्या लागल्या, पुढे अडीचचे तीन मीटर झाले. पण संशय बसला तो बसलाच. महिन्याभराने मोहालीच्या उपांत्य सामन्यात याच यंत्राने आपल्या लाडक्या फलंदाजाला २३ वर जीवदान दिलं, तेव्हा भेसळ कोणाला आठवली नाही!

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या आग्रहाखातर चेंडूची वाट वगळून रिव्ह्यू ठेवला गेला, म्हणजे पायचीत त्यातून बाहेर. एजबॅस्टनला आपला भरवशाचा फलंदाज बॅट स्वतःच्याच बुटाच्या नाडीला लागल्याचा आवाज ऐकून, झेलबाद समजून चालता झाला. रिव्ह्यू हाताशी होता, त्याने घेतलाच नाही. त्या दौऱ्यात या विषयावरून एका भारतीय आणि एका इंग्लिश समालोचकाची थेट प्रक्षेपणातच जुंपली. मायदेशातल्या सामन्यांचे काही समालोचक मंडळाशी कराराने बांधलेले आहेत, हेही त्याच वर्षी बाहेर आलं. रिव्ह्यूबद्दल बोलू नये अशी त्यांना सूचना असल्याच्या बातम्याही येत राहिल्या. ज्यांनी समजावून सांगायचं तेच गप्प, मग टपरीवर तर्कच चालणार.

नोव्हेंबर २०१६ ला राजकोटच्या कसोटीपासून आपण पद्धत मान्य केली. त्याच्या थोडं आधीच पायचीतची कक्षा रुंदावली होती: पंचाचं नाबाद फिरवायला अर्धा चेंडू ऑफ आणि लेग (दोन टोकांच्या) स्टंपच्या मध्यरेषेऐवजी आता बाहेरच्या कडेच्या आत आला तरी पुरे. २०१७ पासून अंपायर्स कॉल आला तर रिव्ह्यू वाया जात नाही. २०२१ मध्ये उंचीची हद्दही वाढवली. केशरी पट्टा तेवढा राहिला. एकच चेंडू, मैदानावरच्या पंचाने बोट वर केलं असेल तर बाद, नसेल तर नाबाद. माझ्या मते हे योग्यच आहे, पण पडद्यावर तीन स्टंप, त्यांना घासणारा चेंडू आणि वर ‘नाबाद’ असं चित्र पाहणाऱ्याला ते पटणं कठीण.

पुढे संशयाचा रोख वाहिनीकडे वळला. जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनला यजमान कर्णधाराचा पायचीत रिव्ह्यूवर रद्द झाला, चेंडू स्टंपवरून जाताना दाखवला गेला, आणि आपल्या खेळाडूंनी स्टंप माइकमध्ये तोंड घालून प्रक्षेपण करणाऱ्यांना सुनावलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला उलटं झालं. आपला सलामीवीर ८४ वर, झेलाचं अपील, चेंडू लागल्याचा आवाज दाखवणारी रेषा सपाट, तरी तिसऱ्या पंचाने चेंडूची दिशा बदललेली पाहून बाद दिलं. आपल्या एका ज्येष्ठ समालोचकाने तिथल्या तिथे हरकत घेतली आणि इथले निम्मे वाद त्याच्याच शब्दांत झाले.

आयपीएलमध्ये २०१८ पासून रिव्ह्यू आहे, २०२३ पासून वाइड-नोबॉललाही. त्याच वर्षी मोबाइलवर मराठी समालोचनही ऐकायला मिळालं. आता गावोगावच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह जातात आणि धावबादला कॅमेऱ्याचा रिप्ले मागितला जातो. कॅमेरा बहुतेकदा एकच, तोही गोलंदाजाच्या मागे. क्रीजच्या रेषेत नसल्याने बॅट पोचली की नाही ते त्याला दिसत नाही. मग आयोजक, पंच आणि दोन्ही कप्तान एका मोबाइलवर वाकून व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून पाहतात, आणि माइकवरचा निवेदक तेवढ्यात देणगीदारांची नावं वाचून घेतो.