तेच डंबेल किती महिने?
आमच्या व्यायामशाळेत येणाऱ्या ताई, वहिनी आणि काकूंसाठी

नाव घालायला आलेल्या दहाजणींतल्या आठजणी पहिल्याच दिवशी सांगतात, "मॅडम, मला तेवढं बारीक व्हायचंय, दंडबिंड नकोत हं." काहीजणींना तर घरातूनच ऐकवून पाठवलेलं असतं, "काय गे, तालमीला जाऊलालीस व्हय?" प्रत्येकीला उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे एकदा नीट लिहून छापलं. वाचून झालं की घरी सासूबाईंनाही द्या.

पैलवान म्हणजे काय हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. माझे सासरे तालमीत वाढले. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग मातीत लढती, संध्याकाळी पुन्हा तेच. वर दूध, तूप, बदाम. असं दहा-बारा वर्षं. एवढं करूनही बरोबरच्या सगळ्यांची अंगं भरली नाहीत, आणि ती सगळी पुरुषमाणसं होती. स्नायू मोठे करणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या रक्तात पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. आठवड्यातले तीन दिवस, पाऊण-पाऊण तास व्यायाम करून दंड पैलवानासारखे होत नाहीत. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, 115 किलो डोक्यावर नेलं आणि रौप्यपदक आणलं. ती उतरली होती 49 किलोच्या गटात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचजणींचं वजन तिच्यापेक्षा जास्त आहे.

शिवाय वजन तुम्ही उचलताच. पाणी येतं त्या दिवशी पंधरा लिटरची घागर भरली की ती पंधरा किलोच्या वरच जाते. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोचा. उचगाव, कडोलीकडच्या काकू रताळ्यांच्या हंगामात पाट्याच्या पाट्या डोक्यावरून बांधापर्यंत नेतात. त्याच हातांत दोन किलोचं डंबेल देऊन वर्षभर तेच वर-खाली करायला लावायचं आणि फी घ्यायची, हे मला पटत नाही.

वेळ वाया घालवणारी एकच चूक

आमच्याकडे सगळ्यांत जास्त महिने फुकट जातात ते यात: पहिल्या आठवड्यात जे डंबेल हातात घेतलं, तेच आठव्या महिन्यातही हातात असतं.

टिळकवाडीच्या एक वहिनी जूनपासून नेमाने येत होत्या. पाऊस असो, सण असो, खाडा नाही. फेब्रुवारीत मला म्हणाल्या, "काहीच फरक दिसत नाही, मी सोडते." त्यांना शेवटचा सेट, म्हणजे न थांबता सलग करायच्या खेपा, करताना बघितलं. अडीच किलोची डंबेल्स घेऊन पंधरा वेळा, शेजारच्या बाईशी बोलता बोलता. श्वास वाढलेला नाही, चेहऱ्यावर ताण नाही. त्यांच्या शरीराला हे काम जुलैतच सोपं झालं होतं. नंतरचे सात महिने ते कामही त्यांनी मन लावून केलं, पण शरीराने बदलावं असं त्यात काही उरलंच नव्हतं.

त्याच दिवशी त्यांची नवी वही सुरू केली, कोणत्या दिवशी किती वजन किती वेळा उचललं ते लिहायची. पहिल्या पानावर आमच्या ट्रेनरने डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा बार पाठ सरळ ठेवून उभं राहत उचलायच्या व्यायामाची, तीन सेटची नोंद लिहिलीय: "डेडलिफ्ट, रिकामा बार 15 किलो. 10, 10, 8. तिसऱ्या सेटला पाठ वाकली, थांबवलं." पुढच्या आठवड्यात 15 किलो, 10, 10, 10. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट लावून साडेसतरा. मे महिन्याच्या पानावर 40 किलो, आठ वेळा. वहिनींचे दंड होते तसेच आहेत. फरक पडला तो कमरेत. सिलिंडर बदलताना आता त्या मुलाला हाक मारत नाहीत. खाली बसून, पाठ सरळ ठेवून, सिलिंडर अंगाशी धरून स्वतः उचलतात.

सुरुवातीचे सहा-आठ आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा शिकतात म्हणून. आहे तोच स्नायू जास्त चांगला वापरता येतो. स्नायूची खरी बांधणी दिसू लागते त्यानंतर, आणि तीही वजन हळूहळू वाढत गेलं तरच. नेमक्या याच टप्प्यावर बऱ्याचजणी एक तर सोडून देतात, नाही तर त्याच डंबेलवर अडकून राहतात.

वजन कधी वाढवायचं? सेटमधल्या शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये. थांबल्यावर "अजून एक-दोन जमल्या असत्या" असं वाटलं तर वजन बरोबर आहे. "अजून पाच-सहा सहज झाल्या असत्या" असं सलग दोन दिवस वाटलं तर वाढवा. डंबेल असेल तर त्याच्या वरचं घ्या, बार असेल तर सव्वा किलोच्या दोन प्लेट लावा. एकदम पाच-दहा किलो नको. आणि आपल्या मनाने नको, ट्रेनरला बोलवा.

आम्ही वहीचा एवढा आग्रह का धरतो, याचं काहीजणींना नवल वाटतं. एका तासात आठजणी असतात आणि दोन ट्रेनर. "मागच्या वेळी किती घेतलं होतं?" या प्रश्नाला "आठवत नाही" असं उत्तर आलं की पुन्हा हलक्यापासून चाचपत यावं लागतं. त्यात दहा मिनिटं जातात, तुमचीही आणि पुढच्या बाईचीही. म्हणून वही विसरली तर आम्ही त्या दिवशी वजन वाढवू देत नाही. हा नियम कडक वाटतो, पण तो आम्ही मोडणार नाही. वही आमच्याकडून मिळते, पैसे लागत नाहीत.

वजनकाटा

तिसऱ्या आठवड्यात घाबरून फोन येतो: "मॅडम, कमी व्हायचं सोडून एक किलो वाढलं!" नव्याने वापरात आलेले स्नायू आपल्यात साखरेचा साठा जास्त करतात, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. काट्यावर दिसतं ते हे. ती चरबी नव्हे. रोज सकाळी काट्यावर उभं राहू नका. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा आणि एखादा जुना ब्लाउज घालून बघा.

नुसतं पोट कमी करणारा व्यायाम नसतो. पोटाच्या शंभर उठाबशांनी पोटाचे स्नायू मजबूत होतील, पण वरची चरबी शरीर आपल्या क्रमाने उतरवतं. म्हणून पोटासाठी आलेल्या बाईलाही आम्ही स्क्वॉट, म्हणजे बैठका, शिकवतो. तेवढ्यासाठी रागावू नका.

पाळीत व्यायाम चालतो. दुखत असेल तर वजन कमी करा किंवा त्या दिवशी विश्रांती घ्या, फी त्यात बुडत नाही. वजन उचलल्याने निरोगी बाईचं गर्भाशय खाली सरकतं, ही भीती मनातून काढा. मात्र अंग बाहेर येण्याचा त्रास आधीच असेल, बाळंतपण किंवा सिझेरियन अलीकडे झालं असेल, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय आम्ही बारला हात लावू देत नाही. सारखा थकवा, जिना चढताना धाप असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्याचं औषध आमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे आहे.

"आता या वयात कशाला?"

हे ज्या काकू म्हणतात त्यांच्यासाठीच मी हा व्यायाम शिकले. माझी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी न्हाणीत घसरली. हात टेकला आणि मनगट मोडलं. पडणं साधंच होतं, पण हाडं आतून विरळ झाली होती आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर शेतात राबलेली बाई सहा आठवडे स्वतःची वेणी घालू शकली नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पुढच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात. हाडावर भार आला तर शरीर ते टिकवायचा प्रयत्न करतं, आणि पायांत ताकद असली तर तोल सावरता येतो. चालणं चांगलंच आहे, पण हाडांसाठी तेवढ्याने पुरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते, पासष्टीच्या पुढच्यांनाही. आमच्याकडे काकूंची सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून होते.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. साठ किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणारीला त्याहून जास्त. भात-आमटीवर ती भरत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यांत बावीसच्या आसपास, शेंगदाण्यांत पंचवीस. हुलग्यांची आमटी घट्ट करा, भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि दही घ्या. आम्ही पावडरचे डबे विकत नाही. कुणी आमचं नाव सांगून विकत असेल तर घेऊ नका.

फक्त बायकांसाठीची वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा. त्या वेळेत ट्रेनरही बाईच असते. पंधरा किलोचे, हाताला बारीक पडणारे दोन बार खास बायकांसाठी घेतलेत. पहिले दोन दिवस पैसे न भरता येऊन बघा. नाव नंतर घाला, आणि घालायचं तर तीन महिन्यांचं घाला, कारण एका महिन्यात शरीर नुसतं शिकत असतं. साडी नको, सलवार किंवा ट्रॅकपँट चालेल. बांगड्या घरी काढून या, बारवर अडकतात. आणि वही आणा.