सिलिंडरातून निघणारं पाणी

पोळ्याच्या आधी घर झाडायला काढलं आणि लोखंडी आलमारी भिंतीपासून हातभर ओढली, की मागे काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. गावात निदान ठरलेलं असतं: स्लॅब झिरपतो. मग उन्हाळ्यात गच्चीवर डांबर पडतं, आणि पुढच्या पोळ्याला नक्षी पुन्हा तिथेच. मीही दोन उन्हाळे डांबरात घातले.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. हे वाचतावाचता काही तुमच्या नाकात गेलेही असतील. खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ नाही. रंगातला चिकट घटक, भिंतीवरची धूळ, घडी करून ठेवलेलं घामट लुगडं, सगळं चालतं. ऊब आपल्याकडे भरपूर. तिचं अडतं ते फक्त पाण्यावाचून, आणि तेही वाहतं पाणी लागत नाही. भिंतीला चिकटलेल्या हवेची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं. म्हणून हाताला कोरडी लागणारी भिंतही काळी पडते.

ऑगस्टमधली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्या एका घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा २६ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथे दव धरू लागतं. आलमारीमागे वारा फिरत नाही, भिंत जरा गार राहते, ओल सुकत नाही. म्हणून नक्षी नेमकी तिथे.

बाहेरची हवा दमट असतेच, पण आपण घरात तिच्यात भर किती घालतो? भाताची वाफ, दोरीवरचे ओले कपडे, आपले श्वास हे ध्यानात येतं. गॅस येत नाही. गॅस जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात सुटतं. चुलीतूनही पाणी निघायचंच, पण कवेलूंच्या फटींतून ते धुरासोबत वाट काढायचं. (जो धूर वाट काढत नसे, तो आजीच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा, तेव्हा जुन्या घरांचे गोडवे मी गाणार नाही.) स्लॅबच्या घरात ती फट नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी मांजर येतं म्हणून बंद.

कूलरचंही तसंच. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या झळांत कूलरला तोड नाही. पण मृग बरसल्यावरही आपण खिडक्या लावून तो पाण्यावर चालवतो. टाकीतलं आटलेलं पाणी मग कुठे जातं? गाद्यांत, कपड्यांत, भिंतीत. पाऊस लागला की त्यातलं पाणी काढावं आणि नुसता पंखा चालवावा.

जमिनीतून चढणारी ओल वेगळी, आणि ती ओळखणं सोपं. काळी माती पाणी धरून ठेवते. जोतं बुटकं असलं की वातीत तेल चढावं तसं ते पाणी विटांतल्या बारीक छिद्रांतून वर येतं. फरशीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत वेडावाकडा ओला पट्टा, पोपडे आणि पांढरा लोणा. गंमत म्हणजे या पट्ट्यात बुरशी बहुधा कमीच; लोण्यातले क्षार तिला मानवत नाहीत. मातीच्या भिंतीवर यासाठी सिमेंटचा गिलावा चढवणं ही मात्र घोडचूक. आतलं पाणी बाहेर सुकू शकत नाही आणि ओल आणखी वर सरकते. अशा भिंतीला चुनाच बरा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर रुजत नाही, आणि पावसाळा संपताच दिवाळीआधी तो लावण्याची वेळही अचूक होती.

घरात कापूस साठवणाऱ्यांनी गंजी भिंतीला टेकवू नये. कापूस हवेतली आणि भिंतीतली ओल ओढून घेतो, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की हमीभावाच्या खरेदीत तो परत येतो. टिनाखाली ठेवलेल्या पोत्यांवर ताडपत्री हवी, कारण हिवाळ्याच्या रात्री टिन आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतं आणि पहाटे आतून ठिबकतं. भुईमुगाच्या शेंगांना हिरवट बुरशी दिसली तर भाजून खाऊ नका. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष चुलीच्या आचेने पुरतं जात नाही.

भिंतीचं पाणी कुठलं, हे कळायला खर्च नाही. युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक वीतभर कापा, धुऊन कोरडं करा, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची झाली तर घरातल्या हवेतून.

माझ्याकडे खोलीकडची ओली निघाली. डांबराचा उरलेला डबा अजून गोठ्यात आहे. आलमारी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, आणि त्या फटीत आता मांजर झोपतं.