पंचवीस शून्यं की सव्वीस?

एआयचा कायदा म्हटलं की आपल्याला डीपफेक, नोकऱ्या, माणुसकी असलं सगळं आठवतं. पण युरोपच्या एआय कायद्यातलं एक फार महत्त्वाचं कलम चक्क एका आकड्यावर उभं आहे, एकावर पंचवीस शून्यं. मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या एआयच्या आतली यंत्रणा) ट्रेन करताना, म्हणजे शिकवताना, याहून जास्त बेरजा-गुणाकार झाले असतील तर ते मोठ्या धोक्याचं धरायचं, आणि मग कंपनीच्या मागे जास्तीच्या चाचण्या, सायबर सुरक्षा, काही गंभीर घडलं तर कळवणं, असा सगळा लकडा लागतो.

आकडा केवढा? जगातल्या 800 कोटी माणसांनी जेवण-झोप सोडून सेकंदाला एक गणित केलं तरी साधारण 4 कोटी वर्षं लागतील. आणि तो काढायची रीत मात्र अगदी सोपी, मॉडेलचे पॅरामीटर (शिकताना बदलत जाणारे त्याच्या आतले आकडे) गुणिले वाचलेले टोकन (मजकुराचे साधारण शब्दाएवढे तुकडे) गुणिले 6. सहाच का, तर प्रत्येक टोकनमागे प्रत्येक पॅरामीटरला एक गुणाकार आणि एक बेरीज पुढे जाताना, आणि चूक मागे फिरवून सुधारताना त्याच्या दुप्पट काम, झाले सहा.

आता करून बघू. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या जीपीटी-3 या मॉडेलमध्ये 17,500 कोटी पॅरामीटर, सुमारे 30,000 कोटी टोकन. उत्तर येतं युरोपच्या मर्यादेच्या तिसाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे सुटला. फेसबुकवाल्या मेटाचं लामा 3.1, त्यातलं सगळ्यात मोठं, 40,500 कोटी पॅरामीटर आणि 15.6 लाख कोटी टोकन, ते मर्यादेच्या जवळजवळ चौपट जातं, सापडलं. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिनेटर स्कॉट वीनर यांनी 2024 मध्ये एसबी 1047 हे विधेयक आणलं त्यात शून्यं होती सव्वीस, वर ट्रेनिंगचा खर्च 10 कोटी डॉलरच्या पुढे हवा. तिथे हाच लामा मोकळा! एक शून्य इकडचं तिकडे झालं की कोण जाळ्यात आणि कोण बाहेर हे सगळंच बदलतं, म्हणूनच कंपन्या भाषणांपेक्षा व्याख्यांवर जास्त जोर लावतात असं मला वाटतं.

2023 चंच बघा. 16 मे ला ओपनएआयचे सॅम ऑल्टमन अमेरिकन सिनेटपुढे म्हणाले, ताकदवान मॉडेलना लायसन्स लावा. त्याच महिन्यात लंडनमध्ये म्हणाले, युरोपचे नियम पाळणं जमलं नाही तर तिथलं काम बंद करू, आणि दोन-तीन दिवसांत तेही मागे घेतलं. जूनमध्ये टाइम मासिकाने छापलं की कंपनीने 2022 मध्येच युरोपच्या अधिकाऱ्यांना कागद पाठवून जीपीटी-3 ला मुळात जास्त धोक्याच्या वर्गात धरू नका असं सांगितलं होतं.

पण सगळा जोर अमेरिकेतून आला असं समजू नका. पॅरिसच्या मिस्त्राल या एआय कंपनीचे सल्लागार होते सेड्रिक ओ, होय, आडनाव एवढंच, आणि हे गृहस्थ फ्रान्सचे माजी डिजिटल मंत्री. मिस्त्रालची तक्रार अशी की असे नियम केलेत तर युरोपची स्वतःची कंपनी उभीच राहणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि इटलीने मिळून मांडलं की पायाभूत मॉडेलना (जीपीटीसारखी, अनेक कामांना वापरता येणारी) कायद्याचे कडक नियम नकोत, कंपन्यांची आचारसंहिता पुरे. डिसेंबरमध्ये तडजोड झाली, वरच्या मोजक्या मॉडेलना कडक नियम, बाकीच्यांना मुख्यतः कागदपत्रं. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कळलं की मायक्रोसॉफ्ट मिस्त्रालमध्ये दीड कोटी युरो घालतंय. कसली ती युरोपची स्वतःची कंपनी!

यात पाकीट वगैरे कुणी दिलं असं मी म्हणत नाहीये, त्याची गरजच पडत नाही. वाण्याचा तराजू तपासायला येणाऱ्या वैधमापन निरीक्षकाकडे स्वतःची प्रमाणित वजनं असतात. इथे मॉडेल मर्यादेच्या वर गेलं हे कंपनीनेच दोन आठवड्यांत युरोपियन कमिशनला कळवायचं, मोजणार तीच आणि सांगणार पण तीच. तपासायचे अधिकार सरकारकडे आहेत, पण त्या मशीनचं आतलं कळणारी बरीच माणसं कंपन्यांच्याच पगारावर.

आणि अडचण अशी की कंपन्यांचं म्हणणं दरवेळी खोटं नसतं. एसबी 1047 ला ओपनएआय, गूगल, मेटा यांचा विरोध, एआयमधले नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि चक्क मस्क बाजूने, अँथ्रॉपिक या आणखी एका एआय कंपनीने दुरुस्त्या मागितल्या आणि त्यातल्या बऱ्याच मिळवल्या. गव्हर्नर न्यूसम यांनी 29 सप्टेंबर 2024 ला व्हेटो मारला, त्यात एक कारण होतं की छोटं मॉडेलही तेवढंच घातक असू शकतं. तीनच महिन्यांत चीनचं डीपसीक व्ही3 आलं. त्यात प्रत्येक टोकनला सगळे पॅरामीटर चालतच नाहीत, 67,100 कोटींपैकी फक्त 3,700 कोटी, टोकन 14.8 लाख कोटी. करा गुणाकार, युरोपच्याही मर्यादेच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि काम मात्र मोठमोठ्यांच्या तोडीचं.

मग मोजमाप चुकीचं असेल तर मोजमाप बदलायला हवं होतं ना? बरोबर वर्षाने, 29 सप्टेंबर 2025 ला, न्यूसम यांनी वीनर यांचंच एसबी 53 सही करून पास केलं. आधीच्या विधेयकातली, मॉडेल पूर्ण बंद करायची सोय ठेवायची सक्ती गेली, राहिलं ते मुख्यतः सुरक्षेची योजना जाहीर करणं, गंभीर घटना कळवणं आणि आतून तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण. आकडा तेवढा तसाच ठेवलाय, एकावर सव्वीस शून्यं.