लायसन्सची पट्टी आली म्हणून नेट काढू नका

दापोलीत कॉम्प्युटरची कामं करतो, आंब्याचा सीझन आला की एक फोन ठरलेला, "अरे एक्सेल उघडतंय पण टायपच होत नाय, वर पिवळी पट्टी आलीय, नेट काढून ठेवू ना?" कोणीतरी कधीतरी डोक्यात भरवलंय की नेट तोडलं किंवा तारीख मागे नेली की ही लायसन्सची पट्टी निघून जाते. साफ उलटं आहे हो. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारख्या वर्गणीवाल्या ऑफिसला ३१ दिवसांत एकदा तरी नेटवरून लायसन्स तपासायला लागतं, नाही झालं तर फाइल उघडते, प्रिंटही निघते, एडिट तेवढं बंद. डेटा कुठेही जात नाही. आणि तारीख चुकीची असली तर ॲक्टिव्हेशनच (लायसन्स चालू होणं) अडकतं, म्हणजे उपायानेच दुखणं वाढवायचं!

परवा एका काकांकडे गेलो, पेट्यांची यादी अर्धी, घड्याळ दोन वर्षं मागे, तेही मुद्दाम केलेलं. तारीख सरळ केली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तरी पट्टी तशीच. मग एक्सेलच्या फाइल मेनूत जाऊन अकाउंट उघडलं, तर लॉगिन मुलाच्या कॉलेजचं, आणि तो पास होऊन पुण्याला नोकरीला लागला त्याला झालं की वर्ष, म्हणजे कॉलेजने दिलेलं लायसन्सच संपलेलं.